नवलाची रेघ

ओट्याच्या कडेवरून स्टीलची वाटी निसटली, फरशीवर आपटली आणि गरगरत राहिली.

रविवारची दुपार होती. तिघं जेवायला बसली होती आणि घरात कुणी बोलत नव्हतं. बकुळ गेल्यापासून जेवताना असंच व्हायचं. अवधूत ताटात बघून जेवायचा, प्रणोती न बोलता वाढायची, आणि सात वर्षांची जुई चपातीचे इतके बारीक तुकडे करत बसायची की ते चिमणीसाठी केलेत की स्वतःसाठी, हे कळू नये. चौथा पाट भिंतीला टेकवून उभा असायचा. तो उचलून माळ्यावर टाकावा, असं कुणालाच सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल, पण हात धजावला नव्हता.

वाटीचा आवाज आधी लांब लांब येत होता, मग जवळ जवळ यायला लागला. जुई मान तिरकी करून ऐकत होती.

"आता थांबणार," ती म्हणाली. वाटी थांबली.

"तुला गं कसं कळलं?" प्रणोतीने विचारलं. घरात कुणीतरी काहीतरी बोललं, याचंच तिला बरं वाटलं होतं.

"ऐकलं की कळतं. त्या टोपड्यातल्या आवाजांचं पण तसंच. पहिल्यांदा मला काहीच कळेना. दुसऱ्यांदा बसले तेव्हा सगळं आधीच कळत होतं. आता बारीक येणार, आता जाड येणार..."

अवधूतचं लक्ष नव्हतं. तो ताकाची वाटी तोंडाला लावत होता. प्रणोतीच्या हातातला डाव मात्र भाताच्या पातेल्यातच राहिला.

"दुसऱ्यांदा म्हणजे? टोपडं सगळ्यांना एकदाच घातलं होतं की."

जुईने चपातीचे तुकडे ताटाच्या कडेने ओळीत लावायला सुरुवात केली. मग ती उठली. "मी हात धुते," म्हणाली, आणि मागच्या दाराने जी गेली ती आत आलीच नाही.

*

टोपड्याची गोष्ट कळायची तर गेल्या वर्षीच्या पालकसभेत जायला हवं.

तांबुळगावच्या शाळेतली ती सभा गावात बराच काळ गाजली. सरकारच्या नव्या योजनेच्या डॉ. मृण्मयी किणीकर आल्या होत्या. बाई साध्या होत्या, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून एक पांढरं टोपडं काढलं, अगदी तान्ह्या बाळाला घालतात तसं, फक्त आतून इवल्या इवल्या चकत्या शिवलेल्या.

"जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात आणि आपल्याला वाटतं अजून एक आहे," त्या म्हणाल्या. "पाय आपटतो, छातीत धस्स होतं. होतं की नाही? जिना तर बिचारा जसा होता तसाच असतो. धस्स होतं, कारण तुमच्या मेंदूने पुढची पायरी आधीच मनात बांधलेली असते."

मेंदू सारखा पुढचा अंदाज बांधत असतो, त्यांनी सांगितलं. अंदाज चुकला की पापणी लवायच्या आत कवटीखाली विजेची एक बारीकशी लाट उठते. त्या लाटेला त्यांनी 'नवल' म्हटलं. टोपड्यातल्या चकत्या ते नवल टिपतात. मुलाच्या कानात जाड-बारीक आवाज सोडायचे. वरवर ते कसेही वाजतात, पण आत एक क्रम दडवलेला असतो. मुलाला वाटतं नुसती टिकटिक चालली आहे. विचारलं तर त्याला काही सांगता येत नाही. मेंदू मात्र आतल्या आत माग काढत असतो. क्रम उमगत जातो तसं नवल कमी होतं, आणि पडद्यावरची रेघ खाली उतरते. काही मुलांची रेघ टेकाडासारखी सावकाश उतरते, काहींची विहिरीत सोडलेल्या बादलीसारखी. या उतरण्याच्या वेगाला त्यांनी 'ओसर' असं नाव दिलं होतं.

"याला वाचता यावं लागत नाही. घरात पुस्तकं असावी लागत नाहीत. साहेबाची पोर आणि झाडूवालीची पोर, टोपड्याला दोघी सारख्या. आणि मुख्य म्हणजे, याची शिकवणी लावता येत नाही."

मागच्या रांगेत स्कॉलरशिपचे क्लास चालवणारे कुंभार सर बसले होते. "म्हणजे आम्ही आता भडंग विकायचं म्हणा की," ते म्हणाले, आणि सगळी सभा हसली.

ज्यांची रेघ सगळ्यांत वेगाने उतरेल, त्या मुलांना डोंगरातल्या 'उन्मेष' निवासशाळेत न्यायचं होतं. सातव्या वर्षीच. या वयात मेंदू वापरातल्या वाटा ठेवतो आणि बाकीच्यांवर गवत माजू देतो. तेव्हा ज्याचा वेग मोठा, त्याला वाटाही तेवढ्या मिळायला हव्यात, असं त्यांचं म्हणणं.

प्रणोती दूध संस्थेत फॅटच्या यंत्रावर बसायची. तिने उभं राहून विचारलं, "मॅडम, एखाद्या पोराला त्या दिवशी ताप असला, पोट दुखत असलं, तर? परत घेता का?"

"नाही. एकदाच. दुसऱ्यांदा ऐकलं की मेंदूला ते जुनं झालेलं असतं. रेघ बसल्या बसल्या तळाला जाते. मग तो शिकण्याचा वेग नसतो, ती नुसती आठवण असते."

प्रणोती खाली बसली. तिला ते पटलं होतं.

तिच्या दोन्ही मुली तेव्हा पहिलीत होत्या. जुळ्या, आणि अशा जुळ्या की एकीला ताप आला तर आईने चुकून दुसरीलाच औषध पाजावं. जुई बोलायची, बकुळ तिच्या मागे उभी राहून मान डोलवायची. दुकानात, शाळेत, पाहुण्यांत, बकुळला काय हवंय ते जुईच सांगायची. जावळाच्या वेळी मामाच्या मांडीवर बकुळने मान हलवली आणि वस्तऱ्याने तिच्या टाळूला जरासं कापलं. तेव्हापासून आईखेरीज कुणाचा हात डोक्याला लागलेला तिला चालत नसे. शाळेत रणदिवे बाईंनी ओळख पटावी म्हणून रिबिनी वाटून दिल्या होत्या: लाल जुई, पिवळी बकुळ.

निकाल आला तेव्हा प्रणोतीने तो रणदिवे बाईंकडून दोनदा वाचून घेतला. जुईची रेघ साधारण. बकुळची जिल्ह्यात कुणाची उतरली नव्हती एवढ्या वेगाने उतरलेली.

चौकातल्या डिजिटल फलकावर बकुळ झळकली. 'गल्लीची शान, कु. बकुळ अवधूत मगदूम.' तिच्या तोंडापेक्षा शुभेच्छा देणाऱ्या नगरसेवकाचं तोंड मोठं होतं, पण अवधूतला त्याचंही काही वाटलं नाही. तो दूध संघाच्या टँकरवर होता. टँकर आता आपला आपणच चालायचा. कायद्याला एक माणूस लागतो म्हणून अवधूत चाकामागे हात मांडीवर ठेवून बसायचा. त्या आठवड्यात त्याने टँकर रोज चौकातून न्यायला लावला.

बकुळ एवढंच म्हणत होती, "आई, मला नाही जायचं." लाजरी पोर, असंच म्हणणार, असं सगळे म्हणाले. गाडीत बसताना मात्र तिने प्रणोतीच्या साडीचा पदर धरला आणि कानाशी येऊन सांगितलं, "आई, मी ती नाही गं."

"तूच ती," प्रणोतीने तिचा मुका घेतला. "माझी हुशार बाय."

*

जुई मागे धुण्याच्या दगडावर बसली होती. प्रणोती तिच्याशेजारी जाऊन बसली आणि काही न विचारता तिचे ओले हात पदराने पुसायला लागली. रागावून विचारलं तर ही पोर गोगलगाईसारखी आत जाते, हे तिला ठाऊक होतं.

"बकुळ टाकीमागे लपली होती," जुई दगडाशी बोलल्यासारखी म्हणाली. "तिला टोपडं नको होतं. तिने चड्डीत शू पण केली. माझं झालं होतं. मग मी तिची पिवळी रिबीन लावली आणि परत गेले. कॅमेऱ्यासमोर बकुळ म्हणून सांगितलं. त्याला कळलंच नाही."

"अगं, पण कशाला?"

"तिने दिलीच नाही, तर मला एकटीलाच नेतील ना? म्हणून तिची पण मीच दिली." जुईने आता आईकडे पाहिलं. "दोघींची झाली की दोघींना नेतील, असं मला वाटलं."

प्रणोतीने तिला जवळ ओढलं. डेअरीत कधी कधी असं व्हायचं: घाईत एकाच्या किटलीतलं दूध दुसऱ्याच्या बाटलीत जायचं. यंत्र खोटं बोलत नसे. बाटली कुणाची, हे फक्त त्याला माहीत नसे. बकुळच्या नावाची ती रेघ बकुळची नव्हती. ती जुईची आठवण होती.

अवधूतला तिने सांगितलं तेव्हा तो अंगणात गाडी पुसत होता. ऐकून घेतल्यावर त्याने फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं.

"हे तोंडातनं बाहेर काढू नकोस."

"अहो, पण पोर तिथं..."

"पोर तिथं काय? टिकलीय न्हवं? गेल्या महिन्याचा रिपोर्ट वाचलास न्हवं तू? गणितात काय म्हटलंय, भाषेत काय म्हटलंय? मग?"

"ती जागा तिची नाही."

"मग कुणाची? जुईची? जुईला तर तुझ्या यंत्रानं साधी ठरवलीय."

"दोघींचीही नाही. तिसऱ्याच कुणाच्या पोराची असेल."

"त्याच्या आईबापानं बघावं." मग त्याचाच आवाज खाली आला. "प्रणू, मी सकाळी त्या टँकरात चढतो आणि संध्याकाळी उतरतो. मधल्या वेळात माझी गरज लागत न्हाई. उद्या कायदा बदलला की मी घरात. दोघींतली एक तरी यंत्राच्या पुढं जाऊ दे की गं. कशी गेली ते कोण विचारतंय?"

त्याचं म्हणणं प्रणोतीला खोटं वाटत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "भेटीचा दिवस येऊ दे. आधी बघून येते."

*

भेटीला भावंडांना न्यायची परवानगी नव्हती. लहान मुलं हळवी होतात, असा नियम होता. जुईने आपल्या हाताने बेसनाच्या लाडवाला बेदाण्यांचे दोन डोळे लावले, आणि तो कागदात गुंडाळून दिला.

निवासशाळा डोंगराच्या खांद्यावर होती. फाटकातून आत आल्यावर समोरून एक मुलगी पळत आली तेव्हा प्रणोतीला क्षणभर वाटलं, ही जुई. कारण ती पळता पळता बोलत होती.

"आई, चल, आधी झाड बघ! या झाडाची उंची मी काढलीय. वर चढायचं नाही काही. एक काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, मग झाडाची सावली मोजायची. काठीच्या दुप्पट सावली तर झाडाची पण दुप्पटच असते. एकाच वेळी मोजायची पण! मी आधी काठी सकाळी मोजली आणि झाड दुपारी, तर झाड माझ्यापेक्षा थोडंसंच उंच आलं." ती खदखदून हसली. "शिकवणाऱ्या ताई पण हसल्या. मग म्हणाल्या, का आलं ते तूच शोध. आणि मी शोधलं!"

प्रणोती बघत राहिली. ही पोर घरी एका दमात एवढी वाक्यं कधी बोलली नव्हती. तिच्या वाटणीचं सगळं जुईच बोलायची.

बकुळने तिला हाताला धरून सगळीकडे फिरवलं. पाण्याच्या बाटलीला भोक पाडून केलेलं घड्याळ दाखवलं. वाचायच्या खोलीतली तिची कोपऱ्यातली जागा दाखवली. "आई, इथे प्रश्न विचारला ना, की ताई खाली बसतात. आपल्याएवढ्या होतात. मग बोलतात."

दुपारी दोघी झाडाखाली बसल्या. बकुळ लाडूचे डोळे सोडून बाकीचा लाडू खात होती. प्रणोतीने पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि तिची वेणी सोडली. बोटं केसांत फिरवताना ती एके ठिकाणी थांबली. कानाच्या वर, आतल्या बाजूला, रुपयाएवढी जागा कातडीसारखी गुळगुळीत लागली.

"बकू, हे काय गं?"

बकुळ पुन्हा ती जुनी बकुळ झाली, जुईच्या पाठीमागची.

"सांग ना राणी. कुणी ओढले?"

"मीच. हात आपोआप जातो. सकाळी टोपडं घालतात ना रोज, नवे नवे आवाज ऐकवायला, त्याच्या आधी." लाडवाचा एक डोळा तिच्या बोटाला चिकटला होता, तो तिने परत जागेवर लावला. "माझी रेघ सगळ्यांत वर असते. खाली येतच नाही लवकर. ताई म्हणतात घरची आठवण येते म्हणून. पण मला माहितीय कशामुळे ते. म्हणून मी सगळं आधीच पाठ करून ठेवते. सगळ्यांच्या आधी उठते आणि दुसऱ्या दिवशीचं पण वाचून ठेवते. म्हणजे कुणाला कळणार नाही."

प्रणोतीने तेलाचा हात त्या जागेवर नुसता ठेवला.

"आई, कळलं तर जुईला पकडतील का?"

"नाही गं बाळा. जुईला कुणी काही करणार नाही."

"तिने मला मदत केली होती," बकुळ म्हणाली. "तिचं नाव नको सांगू."

*

डॉ. किणीकर तिथेच असायच्या. खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर मुलांच्या रेघा हळूहळू सरकत होत्या, जणू पावसाचे ओघळ.

"मॅडम, समजा, एखादं पोर इथं चुकून आलं असेल," प्रणोतीने बसता बसताच सुरुवात केली, "म्हणजे रेघ त्याची नसेलच..."

डॉक्टरांनी हात वर केला. "थांबा, ताई. पुढे बोलू नका."

त्यांनी उठून दार लावलं. मग पडद्यावरची एक रेघ मोठी केली. ती सगळ्यांच्या वरून चालली होती, टेकाडासारखी, सावकाश.

"ही बकुळची. इथे आल्यापासून अशीच आहे. आणि हे तिचं काम." त्यांनी दुसरीकडे बोट दाखवलं. "वर्गातल्या पहिल्या पाचांत. महिनोन्‌महिने मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघते आहे. रेघ म्हणते, हिला वेळ लागतो. काम म्हणतं, हिला सगळं येतं. माझ्या शास्त्रात हे दोन्ही एका मुलीत बसत नाही."

"मग ठेवा की तिला," प्रणोतीच्या तोंडून निघून गेलं. "काम चांगलं आहे तर ठेवा."

"इथली जागा रेघेवर मिळते, कामावर नाही. नियम लिहिणाऱ्यांत मीही होते, म्हणून सांगते. तेव्हा वाटलं होतं, कामावर ठेवलं तर पुन्हा क्लासवाल्यांचीच मुलं येतील. तेही खोटं नव्हतं." त्यांनी बकुळची रेघ पुन्हा लहान केली. "तुम्ही जे सांगणार आहात ते सांगितलंत, तर मला ते लिहावं लागेल. बकुळ या आठवड्यातच घरी जाईल. तिची परीक्षा नव्याने घेता येणार नाही, वय उलटलं. तिच्या बहिणीचीही नाही, कारण..."

"कारण तिने दोनदा ऐकलंय," प्रणोती म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "हे मी ऐकलेलं नाही. तुम्ही बाहेर जा. चहा घ्या. मग परत या, आणि मला सांगायचं असेल तर सांगा. नाही आलात, तर मी पुढच्या भेटीला तुमची वाट बघेन. बकुळसुद्धा बघेल."

"आणि ते टोपडं? रोज सकाळचं? ते तरी बंद करता येईल का?"

"एकीचंच बंद केलं तर का, म्हणून विचारतील."

बाहेर व्हरांड्यात चहा होता. प्रणोतीने कप घेतला आणि हातात नुसताच धरून ठेवला. समोर पायरीवर बकुळ एका छोट्या मुलीला काठी आणि सावली समजावून सांगत होती. मुलीला कळत नव्हतं. बकुळ चिडली नाही. ती खाली बसली, त्या मुलीएवढी झाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. छोटीला कळलं तेव्हा दोघी टाळ्या देऊन हसल्या.

गप्प बस, प्रणोती स्वतःला म्हणाली. अवधूत बरोबर बोलतो. असलं हसू तुझ्या घरात कुठून आणशील? भरलेल्या ताटावरून पोरीला उठवायची, तीही खरं बोलायची हौस म्हणून? मोठी झाली की विसरेल. केस परत येतील. सगळ्या पोरांना काही ना काही होतंच.

आत कुठेतरी घंटा झाली. दुपारच्या वर्गाची असावी. बकुळ हसतच होती, छोटीशी बोलतच होती. पण घंटेच्या पहिल्या ठोक्याला तिचा हात आपसूक वर गेला, कानाच्या वर, आतल्या बाजूला, आणि बोटांनी एक केस शोधून काढला.

हसणारं तोंड आणि तो हात, दोन्ही एकाच पोरीचं होतं. कुणाचं ऐकायचं?

प्रणोतीने हाताचं ऐकलं. चहा तसाच कठड्यावर ठेवला आणि ती परत आत गेली.

*

बकुळ घरी आली. जुई फाटकापाशीच तिच्या गळ्यात पडली. त्या दिवशी दोघी अंगणात कितीतरी वेळ एकमेकींभोवती फिरत होत्या. अवधूत आठवडाभर बोलला नाही, पण भिंतीचा चौथा पाट त्यानेच मांडला. गावाने चार दिवस चघळलं. 'दोनदा बसवली म्हणे, आईनंच शिकवून पाठवलं असणार,' असं दूध घालायला आलेल्या बायका प्रणोतीच्या पाठीमागे आणि एकदा तोंडावरही बोलल्या. चौकातल्या फलकावर कुणाचातरी वाढदिवस आला.

बकुळचा हात डोक्याकडे जाईनासा झाला. गुळगुळीत जागेवर आधी सावली आली, मग बारीक, मऊ केस. प्रणोती रोज सकाळी वेणी घालताना तिथे बोट फिरवायची आणि मनात म्हणायची, चांगलं केलंस. रोज म्हणायची, म्हणावं लागायचं.

कारण बाकी सगळं तसंच होतं. वर्गात साठ पोरं आणि रणदिवे बाई एकट्या. पहिल्या आठवड्यात बकुळने पाच-सहा प्रश्न विचारले. बाई वाईट नव्हत्या. "नंतर हं बाळा," म्हणाल्या, आणि ते नंतर त्यांना सापडलं नाही. गणितं झाली की बकुळ रिकामी बसायची. एकदा झेंड्याच्या खांबाची सावली मोजायला ती विचारल्याशिवाय बाहेर गेली, तर पोरं हसली. "आली बघा दोन नंबरची हुशार," एक जण म्हणाला. जुईने त्याला बुकलून काढलं. शिक्षा दोघींना झाली. तेव्हापासून बकुळ गणितं सावकाश सोडवायला लागली, म्हणजे सगळ्यांबरोबर संपतील. पुन्हा जुईच्या मागे उभी राहायला लागली. दुकानात तिला काय हवं ते पुन्हा जुई सांगायला लागली.

एके दिवशी शाळेतून आल्यावर प्रणोती तिला पुढ्यात घेऊन बसली. केस आता चांगले बोटभर वाढले होते. पहिल्यांदाच ती जागा वेणीत धरता येणार होती. जुई अंगणात पोरांना दटावत होती, खेळाचे नियम बदलत होती. ऊन तिरकं पडलं होतं आणि दारातल्या तुळशीची सावली उंबऱ्यापर्यंत आली होती. बकुळ त्या सावलीकडे बघत होती. पूर्वीसारखी उठली नाही.

"आज शाळेत काय झालं?" प्रणोतीने विचारलं.

"काही नाही. माझं आधीच झालं होतं. बाई म्हणाल्या, हाताची घडी, तोंडावर बोट."

"मग?"

"मग घातली घडी."

प्रणोतीने तीन पेड पाडले. नवे केस मधल्या पेडात घेतले, हळूच.

"आई."

"काय गं?"

बकुळने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. झाड एवढंसंच का आलं हे शोधताना ती जशी बोलली असेल, तशीच ती बोलली. काहीतरी मोजताना चुकलंय आणि कुठे ते सापडत नाही, एवढंच.

"मी हुशार नव्हतेच ना? मग तिथं मला सगळं कसं येत होतं?"